रेस दिली की स्पीकर शिट्टी का घालतो?

नवा डेक बसवला, डिकीत अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर आला, आणि गाडी सुरू करताच गाण्यामागून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. रेस दिली की तिचा सूर चढतो, पाय उचलला की उतरतो. अशा वेळी ‘फिल्टर टाकून घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. माझं स्पष्ट मत आहे की आवाज कुठून शिरतोय हे कळल्याशिवाय फिल्टरवर पैसे घालवू नयेत.

सूर रेसबरोबर चढत असेल तर त्याचं मूळ अल्टरनेटरमध्ये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डायनमोत. त्यात तयार होणारी वीज तीन फेजची आणि एसी असते. आतले डायोड तिची डीसी करतात. पण ही डीसी अगदी सपाट नसते, तिच्यावर बारीक लहरी उरतात. इंजिन 800 आरपीएमवर फिरतंय आणि पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या अडीच पट वेगानं फिरतोय असं धरा. नेहमीच्या 12 पोलच्या अल्टरनेटरमध्ये या लहरी सेकंदाला सुमारे 1200 भरतात. 2400 आरपीएमला त्याच 3600 होतात. माणसाचा कान नेमका याच पट्ट्यात तिखट असतो, म्हणून एवढीशी लहरही टोचते.

लहरी प्रत्येक गाडीत असतात, शिट्टी मात्र प्रत्येक गाडीत नसते. फरक बहुधा अर्थिंगचा असतो. डेकचा अर्थ डॅशबोर्डमागे आणि अ‍ॅम्पचा डिकीत. मधला पत्रा आपण एकच समजतो, पण गाडीतला बराचसा करंट त्याच पत्र्यातून बॅटरीकडे परततो, त्यामुळे दोन टोकांत किंचित व्होल्टेजचा फरक पडतो. डेक आणि अ‍ॅम्प यांना जोडणाऱ्या आरसीए केबलची बाहेरची जाळी ही दोन्ही टोकं जोडते, काही करंट तिच्यातून वाहू लागतो आणि अ‍ॅम्प त्यालाही गाणं समजून मोठं करतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

शोध कानानंच सुरू करावा. इंजिन बंद ठेवून फक्त डेक चालू करा. तरीही आवाज येत असेल तर अल्टरनेटर निर्दोष आहे. एकसारखी ‘स्स्स’ येत असेल तर अ‍ॅम्पचा गेन गरजेपेक्षा जास्त ठेवलेला असण्याची शक्यता मोठी. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, तो कमी करून डेकचा आवाज वाढवावा. पेट्रोल गाडीत इंजिनच्या वेगानुसार टिकटिक येत असेल तर स्पार्क प्लग आणि त्यांच्या वायरी तपासाव्यात. फोन चार्जरला आणि ऑक्स केबलला एकाच वेळी जोडलेला असेल तर आधी चार्जर काढून बघा. कितीतरी गाड्यांचा प्रश्न इथेच सुटतो.

यानंतर इंजिन चालू ठेवून व्हॉल्यूम फिरवा. शिट्टी व्हॉल्यूमबरोबर वाढली तर ती डेकच्या आधी, ऑक्स किंवा फोनच्या बाजूनं शिरते आहे. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही तेवढीच राहिली तर दोष डेकच्या पुढे, आरसीएत किंवा अ‍ॅम्पकडे आहे. मग सिस्टीम बंद करून अ‍ॅम्पच्या आरसीए काढा आणि पुन्हा चालू करा. शांतता झाली तर शिट्टी केबलवाटे येत होती; नाही झाली तर अ‍ॅम्पचा पॉवर, अर्थ आणि स्पीकरच्या वायरी बघायच्या. सिस्टीम चालू असताना आरसीए कधीही उपटू नयेत. काही डेकमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कड्याला नाजूक फ्यूज असतो. तो उडाला की आधी शांत असलेली गाडी एकदम शिट्टी घालू लागते.

सगळ्यात जास्त वेळ अर्थवर द्यावा. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. अ‍ॅम्पची अर्थ वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि शक्यतो दीड फुटाच्या आत हवी. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडावा, लग घट्ट बसवावा आणि वर ग्रीस लावावं. कोकणातल्या पावसात न झाकलेला जोड लवकर गंजतो. सीट बेल्टचा बोल्ट यासाठी अजिबात वापरू नये. तो जीव वाचवण्यासाठी आहे. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूनं आणि आरसीए दुसऱ्या बाजूनं न्याव्यात. एवढं करूनही शिट्टी राहिली तर अल्टरनेटरचा डायोड आणि बॅटरी तपासून घ्या.

फायबरच्या बोटीत तर पत्राच नसतो. तिथे डेक आणि अ‍ॅम्प यांच्या निगेटिव्ह वायरी एकाच बसबारवर आणाव्यात, आणि एलईडी दिवे, पंप, चार्जर एकेक बंद करून आवाज कधी थांबतो ते ऐकावं.

ग्राउंड लूप आयसोलेटर हा शेवटचा उपाय. स्वस्तातले आयसोलेटर शिट्टीबरोबर खालचा बासही खातात. म्हणून सिस्टीम बसवून घेताना स्वतः उभे राहा, अर्थचा बोल्ट कुठे लावलाय ते दाखवायला सांगा, आणि पैसे देण्याआधी इंजिन चालू करून, रेस देऊन ऐका.