वात पाव इंच

भाऊबीज उरकली की पुण्यातल्या पुष्कळ घरांत एक काम मागे उरतं. खिडकीच्या कडेला, देवघराच्या छताला, जिन्यातल्या कोनाड्यात काळे पट्टे उमटलेले असतात आणि ओलं फडकं फिरवलं की ते आणखीच पसरतात. मग दोष मेणाला दिला जातो: स्वस्तातल्या मेणबत्त्या आणल्या, दुसरं काय होणार! मेणाचा थोडा वाटा असतोही. पण काजळी धरते ती मुख्यतः वाढलेल्या वातीमुळे आणि वाऱ्यामुळे, आणि या दोन्हींचा बंदोबस्त घरच्या घरी करता येतो.

मेणबत्ती जळते म्हणजे खरं तर मेणाची वाफ जळते. ज्योतीच्या धगीने मेण वितळतं, वातीतून वर चढतं आणि टोकाशी त्याची वाफ होते. मायकेल फॅरेडे यांनी १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली. ज्योतीच्या मधल्या काळपट भागात काचेची वाकडी नळी धरून त्यांनी ही वाफ बाहेर काढली आणि नळीच्या दुसऱ्या तोंडाशी पेटवून दाखवली. घरी याहून सोपा प्रयोग आहे. मेणबत्ती विझवल्यावर पांढरा धूर निघतो, ती थिजलेली मेणाची वाफच. त्या धुराच्या रेघेला जळती काडी लावा. ज्योत रेघेवरून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते.

काळ्या धुराची गोष्ट वेगळी. ज्योतीच्या आत वाफेचे रेणू तुटतात आणि कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते तापून झळाळतात. मेणबत्तीचा पिवळा उजेड त्यांचाच. म्हणजे काजळी प्रत्येक ज्योतीत असतेच. ज्योत स्थिर असेल तर कडेला पोचेपर्यंत त्या कणांना प्राणवायू मिळतो आणि ते जळून जातात. ज्योत वाजवीपेक्षा उंच झाली किंवा फडफडली, की ते जळण्याआधीच थंड होऊन निसटतात. स्टीलचा चमचा ज्योतीच्या पोटात धरला तर क्षणात काळा होतो. तोच पुसून ज्योतीच्या टोकापासून दोन बोटं वर धरला तर जवळजवळ स्वच्छ राहतो. तिथेही काळा झाला, तर ती मेणबत्ती तुमच्या भिंती रंगवणार हे नक्की समजावं.

अशी मेणबत्ती जवळून पाहिली की बहुधा वात लांब झालेली दिसते आणि तिच्या टोकाला काळा गोंडा धरलेला असतो. लांब वात मेण जास्त ओढते. तेवढं जाळायला हवा पुरत नाही. म्हणून दर वेळी पेटवण्याआधी थंड वात कात्रीने पाव इंचापर्यंत, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, कापावी आणि तुकडा मेणात पडू देऊ नये. युरोपात एके काळी चरबीच्या मेणबत्त्या लावत. त्यांची पिळाची वात सरळ उभी राहायची, म्हणून ती खास कात्रीने पुन्हा पुन्हा खुडावी लागे. १८२५ मध्ये कांबासेरेस या फ्रेंच माणसाने वेणीसारखी विणलेली वात आणली. ती जळताना एका बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या कडेच्या तप्त भागात येतं आणि आपोआप जळून जातं. आज दुकानातल्या साध्या मेणबत्तीतही तीच युक्ती आहे. काचेच्या बरणीतल्या सुगंधी मेणबत्त्यांत मात्र ती अपुरी पडते. सुगंधी तेल आणि रंग वातीत साचतात, अरुंद तोंडातून हवा धड आत जात नाही आणि काठ काळा होतो. माझ्या मते फराळाच्या टेबलावर या बरण्या ठेवूच नयेत.

आपल्या तेलाच्या दिव्यांत ही सगळी कामं माणसाच्या बोटांवर सोपवलेली होती. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिव्यांचा मोठा संग्रह आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला हा ठेवा १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाला दिला. तिथे गेलात तर नक्षीइतकंच दिव्यांच्या चोचींकडे पाहा. वात चोचीबाहेर किती सारायची यावर ज्योत ठरते. जास्त सारली की धूर, कमी सारली की मिणमिण. काजळी झाडून वात सारणं हे घरातल्या बायकांचं रोजचं काम होतं आणि त्याला नजर लागे.

काजळ धरायचं असेल तेव्हा हीच चूक मुद्दाम केली जाई. तेलाच्या ज्योतीवर तांब्याची वाटी उपडी धरायची. थंड धातूला लागून कण जळायचे राहतात आणि वाटीला चिकटतात. बोरूने मोडी लिहिण्याची काळी शाईही काजळीची, डिंकात खललेली. पुण्यातल्या पेशवे दफ्तरातले कागद पिवळे पडले तरी अक्षर काळंच आहे, कारण कार्बन उजेडाने विटत नाही आणि पाण्यात विरघळत नाही. भिंतीवरचा डागही त्यामुळेच हटत नाही.

आता वारा. दिवाळीच्या सुमारास डासांमुळे संध्याकाळी खिडक्या बंद होतात आणि वर पंखा फिरत असतो. पंख्याखाली कुठलीही ज्योत काजळी सोडणारच. सोसायटीच्या जिन्यातही वारा सुसाटतो. पणत्यांची ओळ भिंतीपासून हातभर दूर, वाऱ्याच्या आडोशाला असावी. कुंभारवेशीतून आणलेल्या नव्या पणत्या काही तास पाण्यात भिजवून मग वापराव्यात, म्हणजे त्या तेल पीत नाहीत. तेल आटलं की वातच जळू लागते आणि धूर होतो. काजळीचे कण इतके बारीक असतात की ते श्वासाबरोबर फुफ्फुसात खोल जातात. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर आत एकदोन ज्योती पुरेत, बाकीची रोषणाई गॅलरीत करावी.

विझवतानाही फुंकर मारू नये. काडीने वात वितळलेल्या मेणात बुडवून लगेच सरळ उभी करावी. धूर होत नाही आणि वातीला मेण लागल्याने ती पुढच्या वेळी चटकन पेटते.

आणि डाग पडलेच, तर आधी कोरड्या मऊ ब्रशने किंवा कोरड्या स्पंजने काजळी हलकेच उचलावी, घासू नये. त्यानंतर साबणाचं कोमट पाणी. काजळी न काढता वरून रंग दिला तर डाग पुन्हा वर येतो.