विजेच्या गाडीने बेळगाव ते पुणे

दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी अनेक कुटुंबे पुण्याला जातात. विजेच्या गाडीने हा प्रवास जमेल का? विद्यार्थी मित्रांनो, उत्तर आपण गणितानेच काढू.

बेळगाव ते पुणे अंतर सुमारे ३४० किलोमीटर. समजा, बॅटरीत ४५ युनिट वीज मावते. जाहिरातीतला पल्ला चाचणीतला असतो. महामार्गावर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून एका युनिटला ६ किलोमीटरच धरू. म्हणजे पल्ला २७० किलोमीटर. पुणे एका दमात गाठता येणार नाही.

रात्रभर घरी चार्ज करून निघालो, तर १८० किलोमीटरवरच्या कऱ्हाडपर्यंत ३० युनिट संपतात, १५ उरतात. तेथे ३० किलोवॅटच्या जलद चार्जरवर पाऊण तासात सुमारे २१ युनिट भरतात. ८० टक्क्यांवर थांबावे, कारण पुढे भरण्याचा वेग मंदावतो. उरलेल्या १६० किलोमीटरला २७ युनिट लागतील. ९ शिल्लक राहतील. खंबाटकी घाट चढताना वीज जास्त लागते, मात्र उतारावर मोटर जनित्रासारखी चालून थोडी परत देते.

कऱ्हाडचा चार्जर बंद असला तर? उरलेल्या १५ युनिटांत ५० किलोमीटर पुढचे सातारा सहज गाठता येते. बॅटरी संपेपर्यंत गाडी रेटली, तर मात्र आजी-आजोबांसह रस्त्यावरच बसावे लागेल!

तेव्हा पालकांनो, प्रवास जमतो. पण शिल्लक ठेवूनच. घरी चार्जिंगची सोय नसेल, तर गाडी घेण्याची घाई करू नये, असे आम्हांस वाटते.