साहेबाची मर्जी आणि नोकराची शक्ति

देऊळगांव राजा येथील कचेरींतून सायंकाळीं घरीं निघालेल्या कारकुनाच्या चालण्यावरून त्याचा साहेब कसा आहे, हें पुष्कळदां ओळखतां येतें. दिवसभराच्या लिखाणानें मनुष्य थकतो खरा; पण तो थकवा भाकरी खाऊन झोप घेतली म्हणजे उतरतो. साहेब आज असें कां बोलले, उद्यां काय म्हणतील, ह्या विचारांचा शीण मात्र अंथरुणापर्यंत पाठ सोडीत नाहीं.

हा मुलूख जाधवरावांचा. शेजारच्या सिंदखेडचे लखुजी जाधवराव निजामशाहीच्या चाकरींत होते. १६२१ सालीं ते मोंगलांकडे गेले, पुन्हां परत आले, आणि १६२९ सालीं दौलताबादेस भर दरबारांत मुलांनातवांसह मारले गेले. त्या काळीं धन्याच्या लहरीवर नोकराचे प्राण अवलंबून असत. आजच्या कचेरींत शक्ति जाते, आणि तीहि थेंबाथेंबानें. तरी प्राणाचा संबंध अगदींच सुटला असें नाहीं. लंडनमधील सरकारी नोकरांची एक मोठी पाहणी १९६७ सालीं सुरू झाली. वरिष्ठांपेक्षां खालच्या दर्जाच्या नोकरांत हृदयविकारानें होणारे मृत्यु अधिक, असें तींत दिसलें; आणि १९८५ सालीं सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणींत, ज्यांच्या कामावर त्यांचा स्वतःचा ताबा कमी, त्यांना हा विकार अधिक होतो असें आढळलें. भय वाटलें कीं नाडी जलद चालते, रक्ताचा दाब चढतो. भय सरलें कीं तो उतरतो. पण साहेबाच्या मनाचा तर्क दिवसभर चालला, तर त्यास उतरण्यास सवडच मिळत नाहीं.

धन्याचें मन वळविणें हातीं नसतां आपली शक्ति कशी राखावी, ह्याचा उत्तम दाखला माधवराव रानडे ह्यांच्या चरित्रांत सांपडतो. ते पुण्यास सबजज्ज होते, आणि सार्वजनिक सभेच्या कार्यांत त्यांचा मोठा हात असल्यामुळें सरकारची नजर त्यांच्यावर होतीच. १८७८ सालीं त्यांची नाशिकास बदली झाली. पुढल्या वर्षीं वासुदेव बळवंत फडके ह्यांचें बंड झालें, मे महिन्यांत पुण्याच्या बुधवारवाड्यास व विश्रामबागवाड्यास आगी लागल्या, आणि रानड्यांस धुळ्यास धाडण्यांत आलें. तेथें त्यांचें टपाल फोडून वाचलें जाई. बंडवाल्यांच्या नांवानें पत्रेंहि येऊं लागलीं. रमाबाई रानडे ह्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत ही हकीकत आहे. दुसरा कोणी असता, तर हीं पत्रें कोणीं व कां धाडलीं, ह्या तर्कांतच खंगला असता. माधवरावांनीं तीं सरळ पोलिसांकडे पाठविलीं. तेवढ्यानें त्यांच्या बाजूचें काम संपलें. न्यायालयाचें काम, स्वतःचें वाचन आणि घरीं रमाबाईंचें शिक्षण हीं चालूंच राहिलीं. कालांतरानें सरकारचा संशय फिटला. १८८१ सालीं त्यांना मुंबईस मॅजिस्ट्रेटच्या जागीं नेमलें, आणि १८९३ सालीं ते हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले.

त्यांची सहनशीलता थोर होती, ती सर्वांस साधणार नाहीं. पण त्यांची रीत कोणासहि उचलतां येईल. जें आपल्या हातीं, तें वेळच्या वेळीं उरकून हातावेगळें करावें. साहेबानें तोंडीं हुकूम दिला, तर त्याच दिवशीं दोन ओळी लिहून त्यांच्यापुढें ठेवाव्या. मग रात्रीं तो आठवीत बसावें लागत नाहीं. कचेरीसमोरच्या चहाच्या दुकानांत साहेबाची निंदा करण्यानें मन हलकें होतें असें म्हणतात. क्षणभर होतेंहि, पण जो मनुष्य सहा वाजतां सुटला असता, तो आठ वाजेपर्यंत साहेबाजवळच बसून राहतो! शिवाय साहेबहि कायमचा नसतो. महाराष्ट्रांत २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानें सामान्यतः तीन वर्षांची मुदत ठरली आहे, आणि ती साहेबांसहि लागू आहे.

मात्र धनी नुसता तापट नसून अन्यायास हात लावावयास सांगूं लागला, तर ही रीत पुरत नाहीं. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल रामशास्त्री प्रभुणे ह्यांनीं राघोबादादांस दोषी ठरविलें, आणि त्यांच्या कारभारांत चाकरी न करतां पुणें सोडलें. बारभाईंचा कारभार सुरू झाल्यावर त्यांना पुन्हां बोलावणें गेलें, आणि ते न्यायाधीशाच्या त्याच जागीं परत आले.