एकाच अक्षराची भावंडं

गेल्या महिन्यात माझ्या ताईकडे बारसं होतं. ताईच्या मुलाला दुसरं बाळ झालं, मुलगा. पहिली मुलगी सात वर्षांची, दुसरीत जाते. तिला घरात सगळे चिऊ म्हणतात, पण शाळेतलं खरं नाव 'म'वरून आहे. मग काय विचारता! बाळ दवाखान्यातून घरी यायच्या आतच सगळ्यांचं एकमत झालं, 'बाळाचं नावही 'म'वरूनच हवं!' आत्यानं फोनवरून सात नावं सुचवली. चिऊच्या बाबांनी तर वहीचं अख्खं पान भरून यादी केली आणि ती सगळ्यांना वाचून दाखवली.

चिऊ खाटेच्या कडेला पाय हलवत बसली होती. यादी संपल्यावर ती म्हणाली, "पण 'म' माझा आहे!"

सगळे हसले. ताई तेवढी हसली नाही. ती का हसली नाही ते मला ठाऊक होतं, कारण आम्हीही तीन भावंडं आणि तिघंही 'स'ची. ताई, मी आणि आमचा धाकटा बाळू. आमची खरी नावं मी सांगणार नाही, पण आमची गंमत मात्र सांगणार आहे. गंमत म्हणा, नाहीतर फजिती म्हणा!

पण आधी मला सांगा, नावाचं पहिलं अक्षर येतं कुठून? पुष्कळ घरांत ते पंचांगातून येतं. चंद्र आकाशातल्या २७ नक्षत्रांमधून फिरतो. त्याला एका फेरीला साधारण २७ दिवस आणि ८ तास लागतात. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण, म्हणजे एकंदर १०८ चरण. परंपरेनं प्रत्येक चरणाला एक अक्षर नेमून दिलेलं आहे. अश्विनी नक्षत्राला चू, चे, चो, ला. भरणीला ली, लू, ले, लो. बाळ जन्मलं तेव्हा चंद्र ज्या चरणात असेल, त्या अक्षरावरून त्याचं नावरस नाव. एका चरणात चंद्र जेमतेम सहा तास असतो, म्हणजे सकाळच्या बाळाचं अक्षर वेगळं आणि संध्याकाळच्या बाळाचं वेगळं! हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला तर 'ण' आहे. आता 'ण'वरून नाव कुठून आणायचं? आर्द्रा नक्षत्रात 'ङ' येतो. तिथे भटजीबुवासुद्धा हसून दुसरं अक्षर सुचवतात.

तेव्हा पंचांगाच्या हिशेबानं दोन भावंडांना तेच अक्षर मिळणं हा निव्वळ योगायोग. ज्या घरात तिन्ही मुलं 'स'ची असतात, तिथे आईबाबांनी ते मुद्दाम ठरवलेलं असतं, आणि नावरस नाव पत्रिकेत गुपचूप बसलेलं असतं. का ठरवतात? कानाला गोड लागतं म्हणून. दारात उभं राहून एका दमात तीन हाका मारल्या, की गाण्यासारखं वाटतं. हे एकाच घरचे, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. मात्र यात एक मेख आहे. पहिल्या मुलाचं नाव आवडलं म्हणून ठेवतात, दुसऱ्याचं जुळावं म्हणून, आणि तिसऱ्याच्या वाट्याला त्या अक्षराचं जे उरलं असेल ते येतं! बाळूला विचारा हवं तर.

ही हौस आजकालची नाही बरं का. महाभारतात काशीच्या राजाच्या तीन मुली आहेत, अंबा, अंबिका आणि अंबालिका. नावं एकातून एक उमलल्यासारखी, पण तिघींची नशिबं किती निराळी! अंबिका आणि अंबालिका हस्तिनापूरच्या राण्या झाल्या, अंबा मात्र भीष्मावर सूड घ्यायला रानात तप करत बसली. पुढे अंबिकेच्या नातवंडांच्या नावांतही असाच एक धागा दिसतो. दुर्योधन, दुःशासन, दुःसह, दुर्मुख आणि बहीण दुःशला. शंभर कौरवांची सगळी नावं 'दु'वरून नाहीत, पण कितीतरी आहेत. आणि द्रौपदीला भर सभेत ओढून आणली तेव्हा 'हा अन्याय आहे' असं उठून बोलणारा कौरव कोण होता? विकर्ण! म्हणून काही 'दु'वाले सगळे दुष्ट असं समजू नका हं. दुःशलेनं कुणाचं काय वाकडं केलं होतं?

आपल्या मराठी इतिहासातही एक जोडी आहे. मालोजीराजे भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला होता, असं सांगतात. पुढे दोन मुलगे झाले तेव्हा पिराच्या नावाचे दोन भाग करून एकाचं नाव ठेवलं शहाजी आणि दुसऱ्याचं शरीफजी. त्यातले शहाजीराजे म्हणजे शिवाजी महाराजांचे वडील. इथे अक्षर जुळलं ते जुळवायचं म्हणून नाही, एकच नाव दोघांत वाटलं म्हणून.

परदेशातही हे आहे. नवव्या शतकात इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्यावर चार सख्खे भाऊ एकामागून एक राजे झाले, एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड आणि आल्फ्रेड. 'एथेल' म्हणजे थोर कुळातला. त्यांच्या जुन्या भाषेत चौघांचंही पहिलं अक्षर एकच होतं. चीनमध्ये तर आडनाव आधी येतं आणि एका पिढीतल्या भावांच्या नावात पुष्कळदा एक अक्षर सामाईक असतं. माओ त्से-तुंगच्या दोन भावांची नावं होती त्से-मिन आणि त्से-तान. ते 'त्से' ऐकलं की पिढी कळली!

पण मला सगळ्यांत आवडतं ते कोलकात्याचं राय कुटुंब. उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे मुलांसाठी लिहिणारे, चित्रं काढणारे आणि छपाईच्या कलेत नवे नवे प्रयोग करणारे गृहस्थ. १९१३ मध्ये त्यांनी मुलांसाठी 'संदेश' नावाचं मासिक काढलं. त्यांना सहा मुलं होती. सुखलता, सुकुमार, पुण्यलता, सुविनय, शांतिलता आणि सुविमल. नीट पाहा हं! तिन्ही मुलगे 'सु'चे. तिन्ही मुलींच्या नावाच्या शेवटी 'लता'. आणि थोरल्या सुखलतेकडे 'सु'ही आहे आणि 'लता'ही. बंगाली लोक 'स'चा उच्चार बहुतेक वेळा 'श' असाच करतात. त्यामुळे कानाला शांतिलताही त्यांच्यातच बसते, बाहेर राहते ती एकटी पुण्यलता.

आता या सहाजणांनी काय केलं? सुखलता मुलांसाठी लिहीत. सुकुमार मोठे होऊन बंगाली मुलांचे लाडके कवी झाले. त्यांच्या कवितांमधले विचित्र प्राणी बंगालमध्ये आजही घरोघरी माहीत आहेत. १९१५ मध्ये उपेंद्रकिशोर गेले तेव्हा 'संदेश' सुकुमारांनी सांभाळला. १९२३ मध्ये सुकुमारही गेले. अवघे पस्तीस वर्षांचे होते ते. मग मासिकाची धुरा पुढच्या भावानं, सुविनयनं, उचलली. धाकटे सुविमलही मुलांसाठी गोष्टी लिहीत. आणि वेगळ्या अक्षराची पुण्यलता? तिनं आपल्या घरातल्या बालपणाच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. ही सगळी भावंडं लहानपणी कशी होती, ते आज त्या पुस्तकातून वाचायला मिळतं.

सुकुमारांच्या एकुलत्या एका मुलाचं नावही 'स'वरूनच. ओळखलंत? सत्यजित राय, जगप्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शक आणि तुमच्या ओळखीच्या फेलूदाचे लेखक. १९६१ मध्ये त्यांनी बंद पडलेला 'संदेश' पुन्हा सुरू केला. त्यांच्या मुलाचं नाव संदीप, तेही चित्रपट दिग्दर्शक झाले. इंग्रजीत आद्याक्षर लिहिलं तर हे सगळे एस. राय!

इंग्रजीवरून आठवलं. राज कपूर यांच्या पाच मुलांची नावं रणधीर, ऋतू, ऋषी, रीमा आणि राजीव. इंग्रजीत लिहिली तर पाचही 'आर'ची. आपल्या लिपीत मात्र तिघं 'र'ची आणि दोघं 'ऋ'ची. हिंदीत 'ऋ' म्हणताना 'रि' म्हणतात, आपण 'रु' म्हणतो. म्हणजे मराठी शाळेच्या हजेरीपटावर ही पाच भावंडं दोन अक्षरांत वाटली गेली असती. उलट घरात एक सई आणि एक शमा असेल, तर आपल्याला अक्षरं वेगळी वाटतात, पण इंग्रजी फॉर्मवर दोघीही 'एस'. म्हणून अक्षर ठरवणाऱ्यांनी दोन्ही लिप्यांत लिहून पाहावं!

आणि इथेच आपल्या मराठी घरांची खरी पंचाईत सुरू होते. आपल्याकडे आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. सख्ख्या भावंडांचं वडिलांचं नाव एक, आडनाव एक. वेगळं काय, तर फक्त पहिलं अक्षर. तेच एक केलं, की आद्याक्षरांत भावंडं वेगळी ओळखूच येत नाहीत! आमच्या घरी तेच झालं. आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, त्यांचं नाव 'वि'वरून. त्यामुळे मीही स. वि., ताईही स. वि. आणि बाळूही स. वि.

आमच्या वेळी चौथीला आणि सातवीला शिष्यवृत्तीची परीक्षा असे. एका वर्षी मी चौथीत होते आणि ताई सातवीत. दोघींनीही परीक्षा दिली. ताईला गणिताचा पेपर अवघड गेला होता. घरी येऊन ती जेवलीसुद्धा नव्हती. मला मात्र सगळं सोपं वाटलं होतं. चौथीत तसं वाटतंच!

मे महिन्याच्या सुट्टीत एक दिवस शाळेचा शिपाई सायकलवरून चिठ्ठी घेऊन आला. मी अंगणातच खेळत होते. चिठ्ठीवर लिहिलं होतं, कु. स. वि. अमुक हिस शिष्यवृत्ती मिळाली आहे, पालकांनी येऊन भेटावे. खाली बैठक क्रमांक. इयत्ता लिहायची राहून गेली होती. मी काही विचार केला नाही. "मला स्कॉलरशिप मिळाली!" असं ओरडतच घरात शिरले आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडून वाड्यातल्या सातही बिऱ्हाडांत सांगून आले. आईनं देवापुढे साखर ठेवली. नाना संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मी चार पेढे खाल्ले. ताईनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि ती पाणी भरायला गेली.

दुसऱ्या दिवशी नाना शाळेत गेले, फळ्यावर लावलेली यादी पाहिली आणि परत आले. दारातच चपला काढत त्यांनी ताईला हाक मारली. तो क्रमांक सातवीचा होता.

मी माळ्यावर जाऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत उतरले नाही. रडू शिष्यवृत्ती गेली म्हणून येत होतं की सात बिऱ्हाडांना काय सांगायचं म्हणून, ते आजही नक्की सांगता येणार नाही. शेवटी ताईच वर आली. काही बोलली नाही, नुसती शेजारी बसून राहिली.

पुष्कळ वर्षांनी, आमच्या दोघींची लग्नं झाल्यावर, एकदा तो विषय निघाला. तेव्हा मला कळलं की ताईनं ती चिठ्ठी त्याच संध्याकाळी वाचली होती. आपला बैठक क्रमांक तिला तोंडपाठ होता. म्हणजे पेढे वाटले गेले तेव्हा तिला ठाऊक होतं! मी म्हटलं, "अगं, मग बोलली का नाहीस?" तर म्हणते कशी, "तू सगळ्या वाड्यात सांगून आली होतीस. मी काय बोलणार?"

त्या प्रसंगानंतर नानांनी आमची नावं कुठेही आद्याक्षरांनी लिहिली नाहीत. वह्यांवर, फॉर्मवर, अगदी रेशनकार्डावरही पूर्ण नाव, ठळक अक्षरात. आता आधारकार्डावर प्रत्येकाचे वेगळे बारा अंक असतात, तेव्हा तसले काही नव्हते. तरीही मला माझा 'स' आवडतो, हे खरं. आम्हा तिघांना कुणी एका दमात हाक मारली की अजून मजा वाटते.

तर ताई का हसली नाही, ते आता कळलं ना? त्या दिवशी संध्याकाळी तिनं चिऊला जवळ घेतलं आणि तिचीच वही पुढ्यात ठेवली. "तुझी आद्याक्षरं लिही पाहू." चिऊनं स्वतःचा 'म', बाबांचा 'अ' आणि पुढे आडनाव लिहिलं. "आता बाबांच्या यादीतलं तुला आवडेल ते नाव घे आणि बाळाची आद्याक्षरं लिही." चिऊनं लिहिली. मग दोन्ही ओळींकडे बराच वेळ बघत बसली. एकदा वरची ओळ, एकदा खालची.

"आजी, पण मग मला बक्षीस मिळालं तर?"

चिऊचे बाबा दारात उभे होते. त्यांनी आपल्या आईकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. दोन दिवस घरात पुन्हा चर्चा. आत्या थोडी हिरमुसली, तिच्या सात नावांचं काय करायचं? शेवटी चिऊलाच विचारलं. ती म्हणाली, "त्याला दुसरं अक्षर द्या. पण चांगलं द्या हं!"

मग 'न' ठरलं. बाराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घातलं. आत्यानं कानात 'कुर्र' करून नाव सांगितलं आणि रिवाजाप्रमाणे पाठीत दणादण धपाटे खाल्ले. सगळ्यांत जोरात धपाटा चिऊचा होता. पाळण्याशेजारी तिनं आपली पाटी उभी केली होती. त्यावर खडूनं दोन ओळी होत्या, एक तिची आणि एक बाळाची.

ताई पेढ्यांचं ताट घेऊन सगळ्यांत आधी माझ्याकडे आली. चार पेढे मोजून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "घे. हे तुझेच आहेत, मी बघून घेतलंय."