विद्यार्थ्यांची कमाई आणि प्राप्तिकर

शिक्षण घेत असताना अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्राप्तिकर भरावा काय, असा प्रश्न पालक व शिक्षक अनेकदा विचारतात.

प्राप्तिकर उत्पन्नावर आकारला जातो. केवळ विद्यार्थी म्हणून कायद्यात सूट नाही. शिक्षणखर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती मात्र करमुक्त आहे. सन २०२५-२६ च्या नव्या कररचनेत वार्षिक ४ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. त्यामुळे अर्धवेळ काम करणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांवर कराचा बोजा पडत नाही. अठरा वर्षांखालील मुलाने स्वतःच्या श्रमाने वा कौशल्याने मिळविलेले उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात धरले जात नाही.

तथापि, मोबदला देतानाच कधीकधी कर कापला जातो. समजा, वर्षभर शिकवणीचे ६०,००० रुपये मानधन मिळणाऱ्या विद्यार्थिनीचे १० टक्के दराने ६,००० रुपये कापले गेले. तिचे अन्य उत्पन्न नसल्यास ही संपूर्ण रक्कम तिचीच आहे. परंतु विवरणपत्र भरल्याशिवाय ती परत मिळत नाही. पॅन क्रमांक न दिल्यास कपात सामान्यतः २० टक्के होते.

म्हणून विद्यार्थ्यांनी काम स्वीकारतानाच पॅन क्रमांक द्यावा, कपातीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे व मुदतीत विवरणपत्र सादर करावे. शिक्षकांनी याबाबत मार्गदर्शन केल्यास कष्टाचा पैसा शिक्षणाच्याच कामी येईल.