रेडवूडच्या वनात, ज्येष्ठांच्या गतीने

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या सहलींची यादी बहुधा ते विमानात बसण्यापूर्वीच तयार झालेली असते. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील मराठी घरांत त्या यादीत उत्तर कॅलिफोर्नियाचा सागरकिनारा आणि रेडवूडची वने यांना सहसा स्थान असते. निवड उत्तम आहे. हे वृक्ष समुद्रसपाटीपासून फार उंचावर वाढत नाहीत. त्यामुळे हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असलेल्यांना येथे विरळ हवेची धास्ती नाही. त्यांच्या दर्शनासाठी डोंगर चढावा लागत नाही. ते रस्त्याच्या कडेलाच उभे आहेत. बिघडते ते आखणीत. सहल आखणारा पस्तिशी-चाळिशीचा असतो, आणि नकाशावरचे अंतर तो स्वतःच्या पाठीने मोजतो.

तटीय रेडवूड हे पृथ्वीवरील सर्वांत उंच वृक्ष. ‘हायपेरियन’ नावाच्या वृक्षाची उंची सुमारे ११६ मीटर आहे. आपला कुतुबमिनार ७३ मीटरचा. यातील काहींनी वयाची दोन हजार वर्षे ओलांडली आहेत. त्या मानाने त्यांची मुळे फार खोल जात नाहीत. ती आडवी दूरवर पसरतात आणि शेजाऱ्यांच्या मुळांत गुंततात. उन्हाळ्यात तेथे पाऊस जवळजवळ नसतो. पॅसिफिकवरून येणारे धुके पानांवर साचते, थेंबाथेंबाने खाली ठिबकते आणि झाडाची तहान भागवते. हेच धुके सुती साडीत आलेल्या आजींना हुडहुडी भरवते. युरेका शहरात भर ऑगस्टमध्येही दुपारचे तापमान साधारणतः १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. वाटेत, समुद्रापासून आत असलेल्या युकाया गावात मात्र त्याच दिवशी पारा पस्तिशी गाठू शकतो. म्हणून एकच जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक चढवता-उतरवता येतील असे कपडे, मोजे व कानटोपी घ्यावी.

भारतातून पोहोचताच चौथ्या दिवशी ही सहल काढू नये. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेबारा तासांचा फरक असतो. झोप, भूक आणि शौचाची वेळ रुळावर यायला वयोवृद्धांना आठ-दहा दिवस सहज लागतात. लांब विमानप्रवासानंतर लगेच तासन्‌तास मोटारीत बसणे पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याच्या दृष्टीनेही चांगले नाही. पोटरी एकाच बाजूला सुजली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर ते प्रवासाचे अवघडलेपण समजू नये. तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

आता रस्त्याविषयी. सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला दोन वाटा जातात. राज्यमार्ग १ समुद्राला चिकटून जातो. त्याची छायाचित्रे पाहून मुले हाच रस्ता निवडतात. तो सुंदर आहे यात शंका नाही, पण त्याची वळणे संपत नाहीत. फोर्ट ब्रॅगच्या पुढे लेगेटकडे वळताना तर आपल्याकडच्या घाटाची आठवण होते. चक्कर येणाऱ्या, मानेचे दुखणे असणाऱ्या किंवा वारंवार लघवीला जावे लागणाऱ्या व्यक्तीसाठी महामार्ग १०१ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्र कुठे पळून जात नाही. युरेकाच्या उत्तरेला ट्रिनिडाडपासून हाच १०१ त्याच्या अगदी जवळून जातो, आणि मोटार थांबवून काचेआडूनही लाटा पाहता येतात. वाळूत उतरल्यास पाण्याकडे पाठ करू नये. या किनाऱ्यावर शांत भासणाऱ्या समुद्रातून एकाएकी मोठी लाट आत येते.

मोटार लागते म्हणून अनेक जण पिशवीतून ‘अ‍ॅव्होमिन’ काढतात. या वर्गातील गोळ्यांनी उतारवयात गुंगी, तोंडाला कोरड, गोंधळलेपण येऊ शकते; प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते आणि काचबिंदूच्या काही प्रकारांत त्या घातक ठरतात. आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे. पुढच्या आसनावर बसणे, नजर दूर ठेवणे, हलके खाणे आणि तोंडात आल्याचा तुकडा, एवढ्यावरही अनेकांचे भागते.

खरा धोका मात्र याहून निमूट आहे. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, मुलाला पुन्हापुन्हा गाडी थांबवायला कसे सांगायचे, या संकोचापायी ज्येष्ठ मंडळी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती परस्पर गाळतात. मग दुपारी उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तोल जातो. दोन दिवसांनी मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठ डोके वर काढतो. आई ‘मला तहान नाही’ म्हणाली तर त्याचा अर्थ पुष्कळदा ‘मला उतरायला लावू नका’ असा असतो, हे मुलांनी ओळखावे. दर दीड तासाला, कोणी मागो न मागो, गाडी थांबवावी; थांबे आदल्या रात्रीच नकाशावर ठरवून ते मोठ्याने वाचून दाखवावेत. कुठे उतरायचे हे ठाऊक असले की माणूस पाणी पितो. लघवीच्या गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टर सांगतील. ज्यांना पाण्याचे प्रमाण बांधून दिले आहे, त्यांनी तेच पाळावे.

युरेकापर्यंतचे अंतर सुमारे ४३५ किलोमीटर, म्हणजे न थांबता पाच तासांच्या आसपास. तरुण हे एका दमात गाठतात. पंचाहत्तरीपुढची व्यक्ती सोबत असेल तर पहिला मुक्काम युकाया किंवा विलिट्स येथे करावा. दुसरा संपूर्ण दिवस ‘अ‍ॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स’ला द्यावा. महामार्गाला समांतर जाणारा हा जुना रस्ता ५१ किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना वृक्ष इतके दाटलेले की भर दुपारी दिवे लावावे लागतात. तेथील फाउंडर्स ग्रोव्हमध्ये जेमतेम एक किलोमीटरची सपाट फेरी आहे. १९९१ साली कोसळलेला ‘डायरव्हिल जायंट’ तेथेच आडवा पडला आहे, आणि त्याच्या उपटलेल्या मुळांपुढे उभा माणूस बोटभर दिसतो. रात्री युरेकाला पोहोचावे. तिसऱ्या दिवशी प्रेअरी क्रीकचा सुमारे १६ किलोमीटरचा वनमार्ग पाहून परतावे. कुरणात एल्क जातीची मोठी हरणे चरताना दिसतात, ती मोटारीतूनच पाहावीत. आणखी उत्तरेला क्रेसेंट सिटीपर्यंत जाण्याचा मोह होतो. तो रस्ता दरडींमुळे वारंवार दुरुस्तीत असतो. खोळंबून राहणे म्हाताऱ्या मूत्राशयाला परवडणारे नाही.

वनातील जमीन मऊ पाल्याने झाकलेली असते आणि खाली मुळे उंचसखल. काठी घ्यावी, पायवाट सोडू नये. पायवाटेच्या कडेला तीन-तीन पानांचे ‘पॉयझन ओक’ हे झुडूप असते. आपल्या बिब्याच्या कुळातलेच ते. बिबा उततो म्हणजे काय हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

वृक्षांच्या गर्दीत भ्रमणध्वनीची रेंज मैलोन्‌मैल नसते. म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि रुग्णालये कुठे आहेत ते कागदावर लिहावे: युकाया, विलिट्स, गार्बरव्हिल, फॉर्च्युना, युरेका. औषधांची मूळ नावे, मात्रा, अ‍ॅलर्जी आणि विम्याचा क्रमांक इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात असावी. पाहुण्यांसाठीच्या विम्यात पूर्वीपासूनचे आजार बहुधा वगळलेले किंवा फार मर्यादित स्वरूपात समाविष्ट असतात. ते कलम मुलाने स्वतः वाचावे. भारतातील डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेथे औषध मिळत नाही, तेव्हा सर्व गोळ्या पुरेशा न्याव्यात. इन्शुलिन उभ्या मोटारीत ठेवू नये. मधुमेहींजवळ साखर आणि दशमीसारखे काही हाताशी असावे, कारण वाटेत जेवणाची वेळ हमखास टळते. चिवडा-लोणच्याचा डबा मात्र आखडता. मीठ आणि बसून राहणे मिळून पाऊल सुजवतात.

ज्यांना मुक्कामाची सहल झेपणार नाही त्यांनी हळहळण्याचे कारण नाही. सॅन होजेजवळ राहणाऱ्यांना फेल्टन गावचे हेन्री कॉवेल उद्यान जवळ आहे. जुन्या रेडवूडमधली तेथील सव्वा किलोमीटरची सपाट फेरी चाकांच्या खुर्चीवरूनही करता येते. म्युर वूड्सला जायचे तर मोटार उभी करण्याची जागा आधी राखून ठेवावी लागते. दोन्हीकडे सकाळी लवकर जावे, गर्दी वाढण्यापूर्वी. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरदात धुके कमी होते, पण वणव्यांचा धूर पसरण्याचे दिवसही तेच. दमेकऱ्यांनी निघण्याच्या दिवशी हवेच्या गुणवत्तेचा आकडा पाहावा आणि तो वाईट असेल तर सहल पुढच्या आठवड्यावर ढकलावी.