दोन माणसांची मोटार

मोटार म्हटली की तिच्यात चार माणसे, दोन मुले, एक वळकटी आणि लोणच्याची बरणी एवढा ऐवज बसलाच पाहिजे, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. मीही त्याच मताचा. मी कॉलेजात मराठी शिकवतो. मोटारीशी माझा संबंध येतो तो लक्ष्मी रोड ओलांडताना. पण मत असायला मोटार असावी लागते असे थोडेच आहे? त्यामुळे इंग्लंडात लेस्टर शहरी राहणाऱ्या आमच्या धाकट्या बंधुराजांनी दोनच माणसांची, कापडी हुडाची आणि तीही बत्तीस वर्षे वयाची मोटार विकत घेतल्याची वार्ता आली, तेव्हा आमच्या घरात परीक्षेचा निकाल वाईट लागल्यावर पसरते तसली शांतता पसरली.

खरी गंमत पुढेच होती. घराचे छप्पर गळत होते म्हणून बाजूला काढलेल्या पैशांतून तीन हजार पौंड उचलून त्याने ही बिनछपराची गाडी आणली होती! आणि ती काही रविवारी पुसून ठेवायला नव्हे. रोज सकाळी सातला वीस मैलांवरच्या कारखान्यात कामाला जायचे तेही तिच्यातून, आणि वर्षातून चार-सहा वेळा शर्यतीच्या रस्त्यावर मनसोक्त पळवायची तीही हीच. आमची भावजय इस्पितळात अपघात विभागात नर्स आहे. रस्त्यावर काय काय होते ते तिला रात्रपाळीत स्ट्रेचरवर पाहायला मिळते. तिने आरडाओरडा केला नाही. एवढेच म्हणाली, “ज्या पत्र्याचा मला भरवसा वाटणार नाही, त्या गाडीत तू बसायचं नाहीस. पत्रा धड झाला नाही तर गाडी विकायची.” मुदतही ठरली, जूनअखेर. मी २०२४ च्या मे महिन्यात सुट्टी घेऊन तिकडे पोचलो, तो या तहाच्या ऐन मध्यावर.

गाडीची कुळकथा थोडी सांगायला हवी. उघडी, हलकी, दोन माणसांची मोटार हा मूळचा इंग्रजांचा शौक. एम. जी., ट्रायम्फ, लोटस ही त्यातली नावाजलेली घराणी. दिसायला देखण्या, चालवायला झकास, पण तेल गळायचे आणि वायरिंग रुसायचे. एम. जी. चा अॅबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद पडला आणि हा शौक जवळजवळ पोरका झाला. त्याच्या आदल्याच वर्षी बॉब हॉल नावाच्या एका अमेरिकन मोटार-पत्रकाराने हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीतील केनिची यामामोतो यांच्यापाशी बोलून दाखवले होते की, असली साधी, स्वस्त गाडी आता तुम्हीच का करीत नाही? दहा वर्षांनी, १९८९ च्या फेब्रुवारीत, शिकागोच्या प्रदर्शनात ती गाडी अवतरली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानात तिचे नाव युनोस रोडस्टर. थाट सगळा इंग्रजी, पण सकाळी किल्ली फिरवली की सुरू होणार. २०१६ च्या एप्रिलमध्ये या गाडीची दहा लाखावी प्रत कारखान्याबाहेर पडली.

आमच्या बंधूची गाडी १९९२ सालची, जपानात वापरून मग इंग्लंडात आलेली. जपानातही रस्त्याची डावी बाजूच, त्यामुळे सुकाणू उजवीकडे, म्हणून अशा पुष्कळ गाड्या तिकडून इकडे आल्या. इंजिन १६०० सी. सी. चे, वजन एक टनाच्याही आत, आणि पुढचे दिवे बटण दाबले की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे. तिच्या कर्त्यांनी एक सूत्र धरले होते, ‘जिनबा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. हे ऐकल्यावर मला प्रथमच त्या गाडीत रस वाटू लागला, कारण त्यासाठी आपल्याकडे अक्षरी दोनच शब्द आहे: मांड! वडिलांच्या स्कूटरवर आम्ही दोघे शिकलो तिचे नावसुद्धा एका घोड्याचेच होते, चेतक.

पण घोड्याच्या बरगड्या कुजल्या होत्या. कुठे, ते नीट सांगतो, कारण सगळी लढाई तिथेच झाली. दाराखाली गाडीच्या दोन्ही अंगांना पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची एक पोकळ पेटी जाते. मी तिला उंबरठा म्हणतो. छपराच्या मोटारीत भार सगळीकडे वाटला जातो. इथे वर छप्परच नाही, तेव्हा गाडी मध्येच वाकू नये याची मोठी जबाबदारी या दोन उंबरठ्यांवर. आता पावसाचे पाणी हुडावरून ओघळते ते सीटांमागच्या पन्हळीत, आणि तिथून दोन बारीक नळ्यांतून मागच्या चाकांपुढे जमिनीवर पडते. नळीत पालापाचोळा अडकला की पाणी तुंबते आणि उंबरठ्याच्या पोटात शिरते. त्यात तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. पाणी आणि मीठ! आपल्या कोकणातल्या माणसाला पुढचे सांगावे लागणार नाही.

वरून मात्र गाडी नवरीसारखी. पूर्वीच्या मालकाने कुजक्या पत्र्यावर भरपूर लांबी भरून, घासून, वर रंग मारून दिला होता. हे उघडकीस आणले शेजारच्या गल्लीतल्या एका गुजराती काकांनी. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा अठराव्या वर्षी हे गृहस्थ एका पेटीनिशी लेस्टरला आले आणि वेल्डिंग करीत निवृत्त झाले. त्यांनी छोट्या हातोडीच्या मुठीने उंबरठ्यावर पुढून मागे टिचक्या मारीत नेल्या. ठण, ठण, ठण... आणि मागच्या चाकाच्या वीतभर अलीकडे एकदम भद्द. नारळ पारखणाऱ्या माणसासारखे त्यांनी वर पाहिले. म्हणाले, “ये लोहा नहीं, लोट है.” लोट म्हणजे गुजरातीत पीठ. भावजय दारात उभी होती. ती काही न बोलता आत गेली. बंधुराजांचा चेहरा मला पाहवेना.

हे काम दिसते तितके सोपे नाही. कुजलेला भाग कापून काढला की बिनछपराची गाडी तिथेच मोडलेल्या खाटेसारखी वाकू शकते. म्हणून काकांची शिस्त अशी: गाडी चारी ठिकाणी भक्कम टेकूंवर, दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी कांब पक्की केलेली, एका वेळी एकच बाजू, आणि कापण्याआधी दाराच्या भोवतालची फट मोजून लिहून ठेवायची. ती लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. बावीस वर्षे उत्तरपत्रिकांवर गुण मांडून जे अक्षर बनले त्याचा प्रथमच कोणाला तरी उपयोग झाला. बाहेरचा पत्रा काढला तेव्हा आतला आणखी एक थर गेलेला निघाला. मग कापणे चांगल्या, चकचकीत पत्र्यापर्यंत. तिथे नवा पत्रा, कडेने सलग वेल्ड. ठिगळ नुसते ठिपक्यांनी चिकटवलेले तिकडच्या वार्षिक तपासणीत चालत नाही. त्या तपासणीला एम. ओ. टी. म्हणतात, आणि ती गाडी तीन वर्षांची झाली की दर साल द्यावी लागते. शेवटी पेटीच्या पोटात लांब नळीने पातळ मेण फवारले. दोन्ही अंगांचे मिळून पाच शनिवार-रविवार गेले. दाराची फट? पूर्वी होती तितकीच राहिली. काकांनी पैसे घेतले ते फक्त पत्र्याचे आणि गॅसचे, आणि भावजयीने केलेल्या पुरणपोळ्यांचा डबा मात्र नि:संकोच.

इंजिनाने त्या मानाने काही त्रास दिला नाही. आतला दातेरी पट्टा साठ हजार मैलांनी बदलायचा, तो बदलला. या १६०० सी. सी. च्या इंजिनात हा पट्टा तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटत नाहीत, गाडी फक्त थांबते. करणाऱ्यांचे भले होवो.

पुढचा पेच मात्र मला फार आवडला, कारण तो थेट संसाराचा आहे. जे शर्यतीच्या रस्त्याला मानवते ते रोजच्या रस्त्याला मानवत नाही. शर्यतीचे ब्रेक-पॅड तापल्यावर उत्तम धरतात, पण थंडीच्या सकाळी पहिल्या सिग्नलला त्यांचा उत्साह यथातथाच, शिवाय केकाटतात. चाके वरून किंचित आत कलती ठेवली तर वळणावर टायर छान चिकटतो, पण रोज वीस मैल सरळ गेले की त्याची आतली कड झिजते. (तो कल ठरवणारे बोल्ट इतक्या वर्षांत बुशात गंजून बसतात. एक काढायला आम्हाला अख्खी संध्याकाळ लागली.) गाडी उलटली तर डोके वाचावे म्हणून सीटांमागे लोखंडी कमान बसवावी लागते. उघड्या गाड्यांना ती असल्याखेरीज बरेच आयोजक आत सोडत नाहीत. पण हेल्मेट नसताना रोजच्या प्रवासात मागून धक्का बसला, तर तीच कमान टाळूवर! हा मुद्दा काढला तो भावजयीने. मग कमानीला जाड, कठीण फोमचे वेष्टण आले आणि सीट खाली व थोडी पुढे घेतली. पॅड मधल्या जातीचे, चाकांचा कल मध्यम, टायर रस्त्याचेच. एका गोष्टीत मात्र तडजोड नाही: ब्रेकचे तेल नवे. ते हवेतले पाणी शोषते. मग जोराने वारंवार ब्रेक लावले की त्याला उकळी फुटते आणि पायाखालचे पेडल लोण्यासारखे आत जाते.

एम. ओ. टी. जूनच्या पहिल्या आठवड्यात पास झाली. तपासनिसाने उंबरठ्याशी बॅटरी धरून पाच मिनिटे पाहिले, तेवढ्यात बंधुराजांनी तीन वेळा चष्मा पुसला. त्यानंतर दहा दिवसांनी आम्ही डॉनिंग्टन पार्कला गेलो, त्याच गाडीने, डिकीत चाकांचा पाना आणि डबा घेऊन. मी आणि भावजय मागून घरच्या मोटारीत. हा रस्ता १९३१ पासूनचा. १९३८ साली इथे नुव्होलारी जिंकला. मग लढाई आली आणि लष्कराने जागा घेतली. तो १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाला, आणि १९९३ च्या एप्रिलमध्ये पावसात सेनाने इथे जी गाडी हाकली तिचे वर्णन तिकडचे लोक अजून हात हलवून करतात.

असा दिवस म्हणजे शर्यत नव्हे, हे मला तिथे कळले. घड्याळ लावायला बंदी. आधी आवाज मोजतात, मग सगळ्यांना बसवून निशाणांचे अर्थ सांगतात, आणि पहिल्या फेऱ्या वरातीसारख्या हळू. ओलांडायचे ते एकाच बाजूने, आणि पुढच्याने इशारा करून वाट दिल्यावरच. आमच्या मंडईतल्या रिक्षावाल्यांना हे दाखवायला हवे. रस्त्याचा नेहमीचा विमा इथे सहसा चालत नाही, म्हणून त्या एका दिवसाचा वेगळा उतरवला होता, भावजयीच्या आग्रहाने.

चार फेऱ्या मीही शेजारी बसून केल्या. रेडगेटचे वळण झाले की रस्ता क्रेनरच्या उतारावर डावी-उजवीकडे घसरत खाली जातो, आणि पोट वरच राहते. मागून धिप्पाड गाड्या येत होत्या, बंधू शांतपणे हात दाखवून त्यांना वाट देत होता, आणि पुढच्या वळणात त्यांच्या जवळ जाऊन पोचत होता. वेग किती ते मी विचारले नाही. चाकातून येणारे प्रत्येक कंपन त्याच्या मनगटात जाताना मात्र मला दिसत होते. लहानपणी चेतकवर माझ्या मागे बसून कंबर घट्ट धरणारा हाच तो, हे खरे वाटेना.

परत येऊन थांबलो तेव्हा मी सवयीने हँडब्रेककडे हात नेला. त्याने तो धरला. “नको दादा, तापलेल्या चकतीला पॅड चिकटतात. गिअरमध्ये ठेवू.” मग पाना काढून त्याने चारी चाकांचे नट तपासले. भावजय कुंपणापासून चालत आली. वाकून तिने उंबरठ्याखालून हात फिरवला, पाण्याच्या नळीच्या तोंडात बोट घालून पाहिले, आणि माझ्या डोक्यावरचे हेल्मेट काढून घेतले.

“आता मी,” ती म्हणाली. “पण सावकाश.”

सावकाश काही ते गेले नाहीत.